रेकॉर्डरला 12 व्होल्ट लावू नका, मेसेज काही का म्हणेना

"रेकॉर्डरमधे सेल घालत बसू नका, बाहेरची बॅटरी लावा, दिवसभर चालते" असा एक मेसेज आमच्या नागपूरच्या ग्रुपांमधे फिरून राहिला आहे. काल तो भाच्याकडून आला, सोबत प्रश्न, मामा, गाडीची जुनी बॅटरी आहे का? त्याला मारबतीची मिरवणूक रेकॉर्ड करायची आहे, "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या, ढोलताशे, सगळं, आणि पोरगा सीताबर्डीवरून वायर अन् क्लिपा घेऊनही आला. म्हणून लिहितो.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे: "12 व्होल्टची बॅटरी सरळ डीसी सॉकेटला जोडा, मशीन लागेल तेवढंच ओढते." अरे बाप्पा, मशीन लागेल तेवढा करंट ओढते! व्होल्टेज बॅटरीचं जेवढं असेल तेवढं पूर्ण आत येते, त्यात मशीनचं काही चालत नाही. झूम कंपनीच्या एच4एन प्रो रेकॉर्डरचं मॅन्युअल उघडा, अडॅप्टर 5 व्होल्ट, 1 अँपिअर, मधली पिन प्लस. त्याच कंपनीचा जुना एच4 घ्या, त्याला 9 व्होल्ट आणि मधली पिन मायनस. नावात जरासा फरक, आणि वीज अशी उलटी! आता 5 व्होल्टच्या मशीनवर पूर्ण चार्ज बॅटरीचे साडेबारा व्होल्ट टाकले तर आतलं सर्किट जळेल नाही तर काय होईल. वर फ्यूजचं मेसेजमधे नावही नाही. गर्दीत क्लिपा एकमेकीला लागल्या तर अशा बॅटरीतून एवढा करंट निघते की वायर तापून लाल होते, आणि हे पोरगा पाठीवरच्या बॅगेत घेऊन फिरणार.

"पॉवर बँकने आवाजात गुणगुण येते" हे मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागते. आतल्या 3.7 व्होल्टचे 5 करणारं सर्किट कधी कधी आवाज सोडते, खासकरून रेकॉर्डर मिक्सरला किंवा कॅमेऱ्याला वायरने जोडला असेल आणि दोघांनाही एकाच बँकेची वीज असेल तेव्हा. म्हणून बँक वापरूच नये असं नाही, हेडफोन लावून बँकेची केबल काढून-घालून ऐका, कळते.

पॉवर बँकवर लिहिलेले 10000 एमएएच, म्हणजे तिची क्षमता, पूर्ण हाती येते हा मेसेजमधला हिशोबही चूक, तो आकडा 3.7 व्होल्टवरचा आहे, 5 वर कागदावरच 7400 होतात आणि हाती त्याहून कमी येतात.

"सेल काढून ठेवा" हे तर अजिबात ऐकू नका. रेकॉर्डर करंट इतका कमी घेते की काही पॉवर बँका काहीच जोडलं नाही समजून आपोआप बंद पडतात, आणि रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाइल उघडेलच याचा भरवसा नाही. सेल आत असले तर बरेच रेकॉर्डर त्यांच्यावर चालत राहतात, तुमचा राहतो का ते घरीच केबल उपटून पाहा.

12 व्होल्टचीच बॅटरी वापरायची असेल तर प्लसच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज, मग तुमच्या मशीनच्या अडॅप्टरएवढेच व्होल्ट देणारा कन्व्हर्टर (एच4एन प्रोला 5), आणि पिन आत घालायच्या आधी मल्टिमीटरने व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही तपासा.