थर्मासमधला चहा
निवांत जगता यावं म्हणून माणूस धावतो आणि शेवटी त्याला फक्त धावताच येतं, हे एका लेखातलं म्हणणं वाचलं आणि गप्प बसवेना.

बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी 26 वर्षं काढली. ओव्हरटाइम कधी सोडला नाही. घराचे हप्ते फिटले की निवांत, पोरीचं लग्न झालं की निवांत. दोन्ही झालं. मागच्या रविवारी बायकोला घेऊन कणकुंबीला गेलो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. इथं एवढीशी असलेली ही नदी 300 किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. बघत बसावं अशीच जागा! पण माझं सगळं लक्ष घड्याळात. संध्याकाळी गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची चोर्ला रोडला गर्दी होते, त्याआधी घरच्या वाटेवरची जांबोटी गाठायची होती. बायको म्हणाली, "बसा की वो जरा, चहा आणलाय." मी गाडी चालू केली होती.

घरी आल्यावर तिनं थर्मास मोरीत ओतला. अजून वाफ येत होती. बोलली काहीच नाही. पोटात कालवलं.

माझी आई घरी कुंदा ही दुधाची मिठाई करायची. दूध आटवताना दुपार जायची, पण तिनं आच कधी वाढवली नाही. खाली लागतं म्हणायची. तिच्याच पोटचा मी.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. परतायची वेळ बायको ठरवेल.