डोळे नव्हे, कान झाकतो मी

विज्ञानपट वेगळे, भयपट वेगळे, दोघांची सरमिसळ नको, हा भयपटांवरच्या त्या लेखातला मुद्दा काही पटला नाही बुवा. मग १९७९ चा 'एलियन' कुठल्या खणात टाकणार? अंतराळयान, दीर्घ निद्रेतून उठवलेली माणसं, कंपनीचा छुपा हुकूम, सगळा मालमसाला विज्ञानकथेचा. गाभा मात्र बंद वाड्यातल्या भुताचा. यानात शिरलेला परग्रहावरचा प्राणी पडद्यावर दिसतो जेमतेम काही मिनिटं. कप्तान डॅलस हवेच्या अरुंद बोगद्यात रांगतोय आणि बाहेर त्याची सहकारी लॅम्बर्ट हिला हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर दुसरा ठिपका, म्हणजे तो प्राणी, त्याच्याकडे सरकताना दिसतोय. ठिपकाच, बाकी काही नाही! तरी पोटात गोळा येतो.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'मध्ये (१९८२) तर भीती चक्क प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येते. प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना बशीत घ्यायचा, त्यात तापलेली तार बुडवायची, आणि कोण खरा माणूस, कोण माणसाचं रूप घेतलेला परग्रहावरचा जीव ते बघायचं. एकदा चर्र, दोनदा चर्र, आपण जरा सैलावतो आणि... ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थांबतो.

उलट हल्लीचे बरेच भयपट नुसते दचकवतात. शांतता, दार, धाडकन आवाज. हे घाबरणं नव्हे, कानठळ्या बसणं झालं. म्हणून असा प्रसंग जवळ आला की मी कान झाकतो. नुसत्या चित्राने निम्म्या वेळा हसूच येतं. संगणकावर घडवलेल्या राक्षसांची भीती वाटत नाही, या लेखकाच्या मताशी मात्र सहमत. ते इतके लख्ख दाखवतात की दुसऱ्या मिनिटाला ओळखीचे होतात.