नारळावरची मच्छरदानी

कानबाईच्या बॅनरचे काम माझ्या गळ्यात कसे पडले, हे थोडक्यात सांगतो. मी शाळेत मराठी शिकवतो, माझ्याकडे लॅपटॉप आहे, आणि भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुरतच्या पुतण्याने "काका, ब्राउझरमध्ये सगळं फुकट होतं, दोन मिनिटांचं काम आहे" असे लिहून खाली जोडलेले हात चिकटवले. त्यानंतर माझ्या चार रात्री गेल्या.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ आणि दागिने घालून देवी सजवतात, भाऊबंद जिथे असतील तिथून घरी येतात, रोट होतात आणि सोमवारी विसर्जन होते. एवढी मोठी देवी, पण बॅनर जुळवायला मी ज्या संकेतस्थळावर बसलो होतो (नाव घेत नाही, कारण अजून माझे खाते तिथे आहे), त्याच्या लाखभर चित्रांत तिचा पत्ता नव्हता. शोधाच्या चौकटीत 'कानबाई' लिहिल्यावर त्याने मला कानाची चित्रे दाखवली. एक कान तर आतून उभा कापलेला होता, पडद्यासह. शेवटी गेल्या वर्षी मोबाइलवर काढलेला आमच्याच कानबाईचा फोटो घेतला आणि त्याभोवती झेंडूच्या तोरणाची एक देखणी चौकट बसवली. ती चौकट सशुल्क आहे, हे सांगणारी खूण तिच्या कोपऱ्यात होती म्हणे. रात्री साडेअकरा वाजता चाळिशी उशीखाली असताना ती कोणाला दिसणार?

ही साधने मुळात वाईट आहेत, असे मी म्हणणार नाही. 2013 साली ऑस्ट्रेलियातून कॅनव्हा सुरू झाले आणि ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही त्यालाही आमंत्रणपत्रिका जुळवता येऊ लागली. फोटोपी तर इव्हान कुत्स्किर नावाच्या एकट्या माणसाने उभे केले. त्यात फोटोशॉपची फाइल ब्राउझरमध्ये उघडते आणि ती आपल्या संगणकाबाहेर जातही नाही. आमच्या अमळनेरातच साने गुरुजींनी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढले होते. त्यांना कोणी "पुढे जाण्यासाठी ईमेल टाका" असे म्हटले नव्हते, ही गोष्ट मला त्या चार रात्रींत बऱ्याचदा आठवली.

तर परवा संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. यंत्रापाशी बसलेल्या मुलाने माझ्याकडे न बघता पहिला प्रश्न विचारला, "सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत आजही त्याचेच राज्य आहे, आणि तिथे पीएनजी, म्हणजे नुसते तयार चित्र, घेऊन जाणारा माणूस लग्नात आमंत्रणाशिवाय आल्यासारखा दिसतो. मी पीएनजी दिली. त्याने ती मोठ्या पडद्यावर उघडली आणि दुकानातल्या बाकावर स्वतःच्या बॅनरची वाट पाहत बसलेले एक जिभाऊ उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, हातात वळी केलेली रिकामी पिशवी, आणि तोंडात सुपारी. पडद्याकडे ते बराच वेळ पाहत होते.

"मास्तर, नारयवर मच्छरदानी काब टाकी?"

मीही पाहिले. तोरणाची चौकट चित्रभर पसरलेली असल्यामुळे तिच्यावरची फिकट तिरप्या रेघांची जाळीही देवीच्या नथीवरून, डोळ्यांवरून, पार खालच्या तांदळापर्यंत पसरली होती. घरच्या लॅपटॉपवर ती मला प्रकाशाची तिरीप वाटली होती.

"ती मच्छरदानी नाही जिभाऊ, त्याला वॉटरमार्क म्हणतात. पैसे भरले की ती जाते."

"तुम्हीन तं म्हने फुकट शे!"

मी असे त्यांना कधीच म्हटले नव्हते. मघाशी मुलाला म्हटले होते. तरी मी खुलासा केला की रचना करणे फुकट आहे, वापरलेली एखादी वस्तू विकतची असेल तर चित्र स्वच्छ उतरवून घेताना तिचे पैसे पडतात.

जिभाऊंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "म्हंजे मयामा वांगा देखाना फुकट, तोडाना पैसा!" मग मुलाकडे वळून, "आन् भरीत कराना बी येगया पैसा लेत व्हतीन."

तो मुलगा हसला. इथवर मीही हसत होतो.

मुलाने फाइलचे आकारमान पाहिले आणि त्याचे हसणे थांबले. चित्र 1080 बाय 1080 पिक्सेलचे होते, कारण संकेतस्थळाने पहिल्याच पानावर तो चौकोन पुढे केला होता आणि मी तो घेतला होता. बॅनर हवा होता 6 बाय 4 फुटांचा. सहा फूट म्हणजे 72 इंच. 1080 ला 72 ने भागले की इंचाला 15 पिक्सेल येतात. फ्लेक्स लांबून पाहायचा असला तरी इंचाला निदान 72 धरतात, म्हणजे रुंदीच पाच हजारांच्या वर हवी होती. शिवाय चौरस चित्र आडव्या बॅनरवर ताणल्याने कानबाई एकदम अंगाने भरल्यासारखी दिसू लागली. जिभाऊ म्हणाले, "माय चांगली खाई-पीसन शे."

आता माझ्याकडे एकच हुकमी पान उरले होते. तिसऱ्या रात्री मी दुसऱ्या एका संकेतस्थळावर मुक्ता हा सुरेख देवनागरी फॉन्ट वापरून नुसता मजकूर जुळवला होता आणि एसव्हीजी म्हणून, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेल्या चित्राच्या रूपात, ठेवला होता. ती फाइल कितीही मोठी केली तरी फाटत नाही. दुकानातल्या जुन्या कोरलमध्ये ती उघडली आणि 'निमंत्रण'चे 'नमिंत्रण' झाले, 'विसर्जन'चे 'वसिर्जन'. दोष कोणाचाच नव्हता. युनिकोड या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षराच्या मागून येते आणि दाखवताना तिला उचलून पुढे बसवावे लागते. ज्या सॉफ्टवेअरला हे बसवणे येत नाही, ते तिला आली तशी उभी करते.

"कर्व्ह करून आणायचं ना, सर," मुलगा म्हणाला. म्हणजे अक्षरांची चित्ररेषा करून आणायची होती. मग वेलांटी हलली नसती.

जिभाऊ मात्र अक्षर न् अक्षर लावून मोठ्याने वाचत होते. "व-सि-र्जन. मास्तर, वसिर्जन म्हंजे काय व्हस?" आणि मग, अगदी निरागसपणे, "तुम्हीन शायमा काय शिकाडतस?"

मी मराठी शिकवतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

मुलाने त्याच्याकडची तयार फाइल उघडली, गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी घरातली नावे पुसून आमची टाकली, माझा मूळ फोटो बसवला आणि बारा मिनिटांत बॅनर यंत्रावर चढवला. छपाईचे 360 रुपये, डिझाइनचे 200. गटावर हिशोब टाकला तेव्हा त्या दोनशेंबद्दल कोणीही कुरकूर केली नाही. दुकान आहे, माणूस बसला आहे, घेणारच. माझ्या चार रात्रींबद्दलही कोणी काही बोलले नाही, कारण त्या फुकटच्या साधनावर झाल्या होत्या. पुतण्याने अंगठा दाखवला. तो त्याच्या मते शाबासकीचा होता. गणपतीच्या पत्रिकेचेही "काका बघतील" असे त्याच संदेशाखाली दुसऱ्या एका भावाने लिहिले आहे, आणि मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.

दुकानातून निघताना जिभाऊंनी मला अडवले. "तो मच्छरदानीवाला नारय माले मोबाइलवर धाडी द्या." मी म्हटले, जाळी दिसेल. ते म्हणाले, मोबाइलवर कोणाला दिसते? मी पाठवला. सकाळी त्यांच्या स्टेटसला माझी कानबाई होती, खाली गुलाबी अक्षरांत 'शुभ सकाळ'. 1080 पिक्सेल मोबाइलला अगदी पुरतात. जाळी मात्र दिसत होती.