काटा चाळीस ग्रॅमने पुढे होता

जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहीन लिहीन म्हणून बरेच दिवस राहिलं होतं.

आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं छोटं दुकान आहे सोलापुरात. मार्चमध्ये काटा स्टॅम्पिंगला, म्हणजे वर्षाच्या तपासणीला नेला. तिथल्या माणसाने एक किलोचं वजन ठेवलं तर आकडा आला 1040. काढून परत ठेवलं, परत 1040. म्हणजे मी पाव किलो म्हणून जी चटणी देत होतो ती दहा ग्रॅम कमी जात होती, कधीपासून ते देवालाच ठाऊक, कारण आदल्या वर्षी हाच काटा बरोबर निघाला होता.

बायको म्हणाली, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय. आमच्या चर्चच्या मंडळीतले दोघंतिघं पण तेच म्हणाले, मनात नव्हतं तर पाप कसलं. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. वधस्तंभावर प्रभू म्हणाला, हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही. न समजता केलेलं पापच नसतं तर त्यांच्यासाठी क्षमा मागायची गरजच काय होती?

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 4 आणि 5 अध्याय आपण भराभर उलटतो, गोऱ्हे बकरे रक्त एवढंच दिसतं म्हणून. त्या आठवड्यात मी ते सावकाश वाचले. बहुतेक चुकून घडलेल्या पापाबद्दल आहे. अशा पापासाठी याजकाने अर्पणाला गोऱ्हा आणायचा, अधिपतीने बकरा, साध्या माणसाने बकरी नाहीतर कोकरी, ज्याला तेही झेपत नाही त्याने दोन पारवे, आणि अगदीच गरीब असेल त्याने नुसतं सपीठ. कुणाला सूट नाही, पण गरिबी आहे म्हणून कुणाला दारातून परत पण पाठवलं नाही, हे वाचून मला रडू आलं. त्यातच आणखी एक आहे, देवाच्या पवित्र वस्तूंबाबत चुकून कमी पडलं तर ते भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. नुसतं सॉरी देवा म्हणून भागत नाही.

मग मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेकाला सांगायला लागलो आणि प्रत्येकाला चटणीची एक पुडी द्यायला लागलो. कुणी हसलं, कुणी घेतलीच नाही. आमच्या मंडळीतल्या एक मावशी दर शनिवारी पाव किलो नेतात, नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांना सांगितलं तर स्टीलचा डबा हातात धरून गप्प उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे बाळा, डबा गळ्यापर्यंत भरत नव्हता, मला वाटलं मीच हल्ली जास्त खायला लागले, म्हणून रात्रीची चटणी बंद केली होती."

हे ऐकल्यापासून "मला माहीत नव्हतं" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मला माहीत नव्हतं, पण भोगत त्या होत्या.

याचा अर्थ रात्रंदिवस स्वतःची पापं उकरत बसायचं असं मी म्हणत नाही, काही विश्वासी असे बघितलेत मी, भीतीने प्रार्थना पण करता येत नाही त्यांना. स्तोत्र 19 मध्ये दावीद सरळ म्हणतो की स्वतःच्या चुका कुणाला कळतात, आणि न कळलेल्या दोषांची क्षमा मागून मोकळा होतो. मला ती प्रार्थना आता लागते, कारण जानेवारीत इथे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेली माणसं, विजापूरची, कलबुर्गीची, किलो किलो चटणी घेऊन गेली, त्यांना मी कुठे शोधू? त्यांचं ऋण प्रभूनेच सोडायचं. पण जे दाराशी येतात त्यांचं मलाच फेडलं पाहिजे, ते देवावर ढकलून चालणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत "तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड" आलं की मी थोडा मागे पडतो, बाकीचे पुढे गेलेले असतात.

होटगी रोडवरून सायकलवर येणारे एक काका होते, फेब्रुवारीपासून दिसले नाहीत. त्यांची पुडी बांधून गल्ल्याशेजारी ठेवलीय. चटणी जुनी होते म्हणून दर पंधरा दिवसांनी बदलतो. कुणाच्या ओळखीचे असतील तर कळवा.