‘कितीही पिक्स द्या, पण क्वार्टरबॅक आणा’: हे गणित चुकतं कुठे

एप्रिल जवळ आला की अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. एक, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) नसेल तर बाकी सगळं फुकट, म्हणून लागतील तितके पिक्स (नवे खेळाडू निवडायचे हक्क) देऊन ड्राफ्टमध्ये, म्हणजे निवडीच्या रांगेत, वर चढा. दोन, पहिल्या फेरीनंतरचे पिक्स म्हणजे लॉटरीची तिकिटं, ती देऊन टाकली म्हणून काय बिघडलं? तीन, सीझन हातचा गेलाच असेल तर मुद्दाम हरा आणि पहिला नंबर पटकवा. चार, संघात ज्या जागी माणूस नाही तीच जागा आधी भरा.

मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा चाहता आहे. पहिला सल्ला शब्दशः पाळला की काय होतं, ते माझ्या संघाने करून दाखवलंय. म्हणूनच हा मजकूर वाचून मला गप्प बसवत नाही.

नव्याने खेळ पाहू लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्याकडे पैसे उरलेत तो खेळाडू नेतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंसाठी ड्राफ्ट असतो. ३२ संघ, ७ फेऱ्या. गेल्या सीझनमध्ये सगळ्यात वाईट खेळलेला संघ सर्वांत आधी निवडतो, सुपर बोल म्हणजे अंतिम सामना जिंकलेला सर्वांत शेवटी. पुढे निवडायचं असेल तर पुढच्या संघाला आपले पिक्स द्यायचे, या वर्षीचे आणि येत्या वर्षांचेही. म्हणजे पिक हेच इथलं चलन. शिवाय सगळ्या संघांना पगाराची सारखीच मर्यादा, सॅलरी कॅप. त्यामुळे स्वस्तात मिळालेला चांगला खेळाडू हाच खरा फायदा.

आता पहिला मुद्दा. क्वार्टरबॅक ही मैदानावरची सर्वांत महत्त्वाची जागा आहे, यात वाद नाही. या दाव्याची सर्वांत भक्कम बाजूही मांडतो, कारण मजकूर फिरवणारे ती स्वतः मांडत नाहीत. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ मध्ये नवोदितांच्या पगाराला वेसण बसली आणि त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर चार-पाच वर्षं तो अगदी स्वस्त पडतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. विचार बरोबर आहे. पण बाकीचा संघ उभा करायचा कशातून? पिक्स तर तुम्ही आधीच वाटून बसलात.

२०२१ च्या मार्चमध्ये फोर्टीनाइनर्सनी तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी मायामी डॉल्फिन्सना काय दिलं पाहा: त्या वर्षीचा १२ वा पिक, २०२२ चा पहिल्या फेरीचा, २०२३ चा पहिल्या फेरीचा आणि वर २०२२ चा तिसऱ्या फेरीचा. निवडलं कोणाला, तर नॉर्थ डकोटा स्टेटच्या ट्रे लान्सला. करोनामुळे २०२० मध्ये तो पोरगा कॉलेजातर्फे फक्त एक सामना खेळला होता. आमच्याकडे त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने चार. घोटा मोडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला. लान्सला मी दोष देत नाही. एवढ्या कमी अनुभवाच्या मुलावर तीन पहिल्या फेऱ्यांचं ओझं टाकणाऱ्यांचा तो हिशेब होता.

आणि दिलेले पिक्स कुठे गेले, हे तर फारसं कोणी सांगतच नाही. १२ वा पिक डॉल्फिन्सनी ईगल्सना देऊन सहावा मिळवला आणि जेलन वॉडल घेतला. २०२२ चा आमचा पिक ठरला २९ वा. तो रिसीव्हर (चेंडू झेलणारा) टायरिक हिलच्या बदल्यात कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. चीफ्सनी तो पॅट्रियट्सना दिला, वर आणखी दोन पिक्स घातले आणि २१ व्या क्रमांकावर कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी उचलला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये चीफ्सनी आम्हाला ज्यादा वेळेत २५-२२ असं हरवलं, तेव्हा समोरच्या बचावफळीत मॅकडफी होता. आमच्याच पिकच्या मदतीने घेतलेला. हे आठवलं की अजून जिवाला लागतं.

आमचा क्वार्टरबॅक त्या दिवशी होता ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. २०२३ मध्ये त्याचा पगार होता सुमारे ८ लाख ७० हजार डॉलर, आणि संघाची एकूण मर्यादा होती २२ कोटी ४८ लाख. स्वस्त क्वार्टरबॅकचा जो फायदा मिळवण्यासाठी तीन पहिल्या फेऱ्या उधळल्या, तो फायदा शेवटी अशा पिकने दिला, जो मागायलाही कोणी आलं नसतं.

‘हा अपवाद’ असं म्हणणाऱ्यांसाठी कॅरोलायना पँथर्स. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकासाठी त्यांनी शिकागो बेअर्सना ९ वा आणि ६१ वा पिक दिला, २०२४ ची पहिली फेरी दिली, २०२५ ची दुसरी फेरी दिली आणि या सगळ्यावर आपला सर्वोत्तम रिसीव्हर डीजे मूर दिला. नव्या क्वार्टरबॅकने चेंडू टाकायचा, तो झेलणारा माणूसच सौद्यात घालवला! ब्राइस यंग आला, पँथर्स २-१५ वर (दोन विजय, पंधरा पराभव) घसरले, आणि त्यांचा २०२४ चा पिक थेट पहिला ठरला. तो होता बेअर्सकडे. त्यांनी केलेब विल्यम्स घेतला. ह्यूस्टनने मात्र दुसऱ्या क्रमांकावर हलायची तसदीही न घेता सी. जे. स्ट्राउड निवडला आणि तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पहिला आणि दुसरा यांतला फरक आधीच ओळखता येतो, या खात्रीची किंमत पँथर्सनी मोजली.

ही खात्री मुळातच पोकळ असते. केड मॅसी आणि अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. एका जागेसाठी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना आढळली सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. त्यांच्या नोंदी बऱ्याचशा जुन्या पगारपद्धतीच्या काळातल्या आहेत, आणि आज वरचे पिक्स तेव्हापेक्षा स्वस्त पडतात, हे खरं. पण स्वस्त झाले म्हणून माणूस ओळखण्याची आपली नजर सुधारत नाही.

वॉशिंग्टनने २०१२ मध्ये क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी रॅम्सना तीन पहिल्या फेऱ्या आणि एक दुसरी फेरी दिली. पहिलं वर्ष झकास गेलं, मग गुडघा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने चौथ्या फेरीत कर्क कझिन्स घेतला होता, पुढे तोच त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. डिसेंबर २०१४ मध्ये हे दोन संघ भेटले, तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला कर्णधार म्हणून पाठवले ते त्या सौद्यातून मिळालेले खेळाडू. सामना २४-० असा जिंकला. अर्थात एवढे पिक्स मिळूनही रॅम्सना त्या काळात एकही सीझन हरण्यापेक्षा जास्त जिंकून संपवता आला नाही, हेही सांगायला हवं. पिक्स साठवले म्हणजे संघ झाला, असं मी म्हणतच नाहीये.

‘मग माहोम्सचं काय?’ हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्ससाठी चीफ्स २०१७ मध्ये २७ वरून १० वर गेले. दिलं काय? तो २७ वा, तिसऱ्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी. पण ते आदल्या सीझनमध्ये १२-४ होते. अँडी रीड प्रशिक्षक, तिसऱ्या फेरीतला ट्रॅव्हिस केल्सी, पाचव्या फेरीतला टायरिक हिल आणि क्वार्टरबॅकच्या जागी खेळणारा अनुभवी अ‍ॅलेक्स स्मिथ, सगळं हाताशी होतं. माहोम्सला अख्खं वर्ष बसवून शिकवलं, नियमित सीझनचा एकच शेवटचा सामना खेळायला दिला. घर बांधून झालं होतं, मग कळस चढवला. २०२१ मध्ये रॅम्सनी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी आपला क्वार्टरबॅक जेरेड गॉफ याच्यासोबत दोन पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी दिली, त्याच सीझनला सुपर बोल जिंकला. तेही चालतं, कारण तिथे बचावात अ‍ॅरन डोनल्ड होता आणि तिसऱ्या फेरीत मिळालेला रिसीव्हर कूपर कप होता. रिकाम्या संघाने हे धाडस करू नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या मुद्द्याला, खालचे पिक्स म्हणजे तिकिटं, यातच बरंचसं उत्तर आलं. आमचाच संघ घ्या: जॉर्ज किटल पाचव्या फेरीचा, फ्रेड वॉर्नर तिसऱ्या, ड्रे ग्रीनलॉ पाचव्या, पर्डी सातव्या. पण मला सर्वांत आवडतं उदाहरण ईगल्सचं आहे. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळणारा धिप्पाड मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतला आणि लाइनचे (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीचे) प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला शून्यापासून घडवला. आज तो लीगमधल्या उत्तम लेफ्ट टॅकलपैकी (त्या फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू) एक आहे. तिकीट काढून घरी बसलेल्याला असा खेळाडू मिळत नाही, त्यामागे शिकवणारा माणूस लागतो. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असं धुतलं. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीचा, ५३ वा. माहोम्सला सहा वेळा पाडलं, तेही ज्यादा माणूस न पाठवता, फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर. त्यात चौथ्या फेरीचा जॉश स्वेट होता, तिसऱ्या फेरीचा मिल्टन विल्यम्स होता.

मुद्दाम हरण्याबद्दल. ड्रेसिंग रूममधल्या माणसांची नोकरी दर आठवड्याला पणाला लागलेली असते, ते हरायला मैदानात उतरत नाहीत. संघ वाईट ठेवायचा असेल तर वरून ठेवावा लागतो. क्लीव्हलंड ब्राउन्सनी २०१६ आणि २०१७ मिळून एक सामना जिंकला, ३१ हरले. दोन वेळा पहिला नंबर मिळाला. बचावातला माइल्स गॅरेट सोन्यासारखा निघाला. क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड मात्र चार वर्षांत निघून गेला आणि नंतर टँपा बेला त्याने प्लेऑफमध्ये नेलं.

त्याहून बोलकी गोष्ट कोल्ट्सची. २०११ मध्ये पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर, संघ २-१४, आणि पहिल्या क्रमांकावर अँड्र्यू लक, पिढीत एखादाच मिळावा असा क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे धड भिंतच उभी केली नाही. मार खाऊन खाऊन खांदा गेला, २०१७ चा अख्खा सीझन गेला. मग २०१८ मध्ये जेट्सना क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डसाठी तिसऱ्या क्रमांकावर यायचं होतं. कोल्ट्स सहाव्यावर उतरले, वर दुसऱ्या फेरीचे तीन पिक्स मिळाले. सहाव्याला गार्ड क्वेंटन नेल्सन घेतला, मिळालेल्या ३७ व्या पिकवर ब्रेडन स्मिथ, दोघेही त्या भिंतीसाठी. त्या सीझनमध्ये लक फक्त १८ वेळा पाडला गेला, लीगमध्ये सर्वांत कमी, आणि संघ १०-६. हे सहा वर्षं आधी करता आलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, २९ व्या वर्षी, लकने खेळ सोडला. तिकडे जेट्सनी डार्नल्डला तीन वर्षांत वाटेला लावलं. तोच डार्नल्ड २०२४ मध्ये मिनेसोटात नीट संघ मिळाल्यावर १४ सामने जिंकला.

राहिला चौथा मुद्दा, रिकामी जागा आधी भरा. ड्राफ्टमधला मुलगा तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर आजची रिकामी जागा भरलेली असते आणि भलतीच रिकामी झालेली असते. तातडीची गरज असेल तर करार संपलेले अनुभवी खेळाडू बाजारात असतात, ईगल्सनी २०२४ मध्ये सेक्वॉन बार्कली तिथूनच आणला. लायन्सनी २०२३ मध्ये सहाव्या क्रमांकावरून बाराव्यावर उतरून रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) जामिर गिब्स घेतला, तेव्हा केवढी हेटाळणी झाली! उतरताना मिळालेल्या ३४ व्या पिकवर सॅम लपोर्टा आला. त्या सीझनमध्ये लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला.

आणि बाल्टिमोर रेव्हन्सचा १९९६ चा पहिलावहिला ड्राफ्ट. संघाला रनिंग बॅक हवा होता, आणि चौथ्या क्रमांकाला नेब्रास्काचा लॉरेन्स फिलिप्स उपलब्ध होता. डाव्या टॅकलच्या जागी टोनी जोन्स होताच. तरी संघाची निवड पाहणारे ऑझी न्यूसम यांनी आपल्या यादीत वर असलेला जोनाथन ऑग्डेन घेतला, जो टॅकलच होता, आणि पहिलं वर्ष त्याला गार्डच्या जागी खेळवला. २६ व्या क्रमांकाला रे लुईस. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. फिलिप्सला रॅम्सनी सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि दुसरा सीझन पुरा व्हायच्या आत सोडून दिलं. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्स सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर, टँपा बेने कधीकाळी पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर घेतलेला आणि पुढे जाऊ दिलेला.