घरी वायफाय आहे ना, मग आईला सिम कशाला?

आज संध्याकाळी इथे वडोदऱ्याला दांडिया बाजारात भिशी होती. चहा यायचा होता तेवढ्यात एका मैत्रिणीला डॅलसहून मुलाचा फोन आला. ही पुढच्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी निघते आहे. फोन स्पीकरवर. मुलगा म्हणतो, "आई, इकडचं सिम कशाला हवंय तुला? घरी वायफाय आहे. आणि बाहेर जाशील तेव्हा आम्ही असूच ना!" बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या, उगाच खर्च कशाला म्हणून. दुसऱ्याच्या घरी होते म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

आम्ही असूच म्हणे. कधी रे असता? सोमवार ते शुक्रवार तुम्ही लॅपटॉपात, शनिवारी किराणा, रविवारी मुलांचे क्लास. मधल्या वेळात आईबापांनी खिडकीतून खारी बघायच्या.

आमचे हे लेकीकडे न्यूजर्सीला संध्याकाळचे फिरायला निघाले. इथल्या कमाटीबागेची सवय, पाय घरात राहत नाहीत. तिथली घरं सगळी एका साच्यातली, तेच गॅरेज, तीच टपालपेटी. वळण चुकलं. हातात चांगला महागाचा फोन, पण फाटकाबाहेर पडल्याबरोबर नेटवर्क नाही. इकडचं सिम बंद करून ठेवलेलं, तिकडचं घेतलेलं नाही, कारण घरी वायफाय आहे!

शेवटी एका पेट्रोल पंपावर गेले. काउंटरवरच्या मुलाने चेहरा बघूनच विचारलं, "काका, क्यांना छो?" वडोदरा म्हटल्यावर त्याने स्वतःचा फोन पुढे केला. ह्यांनी आपल्या फोनमधून लेकीचा नंबर बघून लावला. तिने उचलला नाही. तिकडे अनोळखी नंबर कोणी उचलतच नाही, फसवणुकीचे फोन इतके येतात. जावई मीटिंगमध्ये. त्या पोराने मेसेज टाकला तेव्हा कुठे लेक गाडी घेऊन धावली. तोवर मी दारात, ह्यांची बीपीची गोळी मुठीत धरून.

आता कोणीतरी लिहीलच की तिकडचा तातडीचा नंबर ९११ सिमशिवायही लागतो. लागतो, मान्य. रस्ता चुकला म्हणून पोलीस बोलवायचे का? नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटशिवाय चालतो, हेही खरं. ह्यांना तो बघता येतो का, ते विचारू नका.

आणि ते इकडचं सिम बंद ठेवण्याचं खूळ! बँकेचा ओटीपी कुठे येणार? पेन्शनच्या खात्यातून दोन रुपये हलवायचे तरी तोच नंबर लागतो. निघायच्या आधी रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि त्या सिमचा डेटा तेवढा बंद ठेवायचा. रोमिंगवर मेसेज येण्याचे पैसे साधारणपणे पडत नाहीत. फोन मात्र उचलायचा नाही, त्याचे पडतात. आणि रिचार्ज संपू द्यायचा नाही. नंबर एकदा बंद पडला की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज वाचत बसेल कोणी लखनौचा भाऊ.

मुलं प्रेमाने नवा आयफोन देतात, त्यातही गोची आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं. आपलं इकडचं सिम घालणार कुठे? त्यापेक्षा आपला दोन सिमचा फोनच बरा. फक्त तो तिकडे चालतो का ते आधी बघायचं. २०२२ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी हे जुनं नेटवर्क बंद केलं, त्यामुळे काही जुन्या फोनवर नेट चालतं पण बोलता येत नाही. नवं सिम घातलं की व्हॉट्सॲप जाईल म्हणून घाबरू नका. नंबर बदलू का असं विचारलं तर नाही म्हणायचं, जुनाच चालू राहतो.

मुलांना खूप बोलले. माझी लेक त्या दिवशी गाडीतच रडली, हे मी बघितलंय. घराचे हप्ते, पाळणाघराची फी, त्यात आम्ही दोघं. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी जावयाने दुकानातून प्रीपेड सिम आणून घातलं.

त्यानंतरचे दिवस वेगळेच गेले. बागेत बाकावर एक नागपूरच्या बाई भेटायच्या. आधी आम्ही नुसतं "उद्या याल का?" म्हणायचो. आता ती सकाळी फोन करायची, "येताय ना, चिवडा आणतेय." ह्यांनी तर त्या पेट्रोल पंपावर जाऊन आपला नवा नंबर त्या पोराला देऊन टाकला. नवरात्रात त्याचा फोन आला, गरब्याला चला म्हणून. लेकीला कळायच्या आधी आमचा कार्यक्रम ठरलेला.

खर्च म्हणाल तर त्यांच्या एका बाहेरच्या जेवणात महिन्याचं साधं प्रीपेड येऊन जातं. आणि वायफाय आहे म्हणे!

बाई गं, तू हे वाचतेयस मला माहीत आहे. उद्या चारनंतर येते. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर दिसतो, तो मुलाला पाठवू. तिकडच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकला की फोन चालेल की नाही ते कळतं. सिम काढायची पिन माझ्याकडे आहे. मुलगा चिडला तर माझं नाव सांग, लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लाय त्याने.