एकसष्ट छापे

गेल्या सोमवारी सरांनी माझं जर्नल मिटलं, टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "डेटा चुकलाय." सही नाही. लाल पेनाने 'रिपीट' मात्र लिहिलं, तेही इतक्या जोरात की पुढच्या दोन पानांवर उमटलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. आजवर माझी गणितं चुकलीत, सह्यांच्या जागा चुकल्यात, एकदा तर परीक्षेचा वर्गही चुकलाय. पण डेटा? तो नाण्याने दिला होता हो!

प्रॅक्टिकल साधं. नाणं 100 वेळा उडवायचं, छापे-काटे मोजायचे, काय-स्क्वेअर लावून नाणं निःपक्षपाती आहे का ते सांगायचं. बॅचमध्ये आम्ही वीस. एकोणीस जणांनी होस्टेलवर, नाण्याला हात न लावता, चहा गार व्हायच्या आत प्रयोग उरकला. मी कराडहून रोज एसटीने साताऱ्याला येणारा. सबमिशन सकाळी होतं, म्हणून गाडीतच उडवायला बसलो. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही, खोटे आकडे सुचेनात एवढंच.

शेजारी टोपी घातलेले एक आबा होते, मांडीवर कागदांची पिशवी. उंब्रजपर्यंत त्यांनी नुसतं बघितलं.

"पैशे लावल्यात का?"

"नाही आबा."

"मंग?"

"कॉलेजचं आहे. शंभर वेळा उडवायचं."

"फी किती भरलीस?"

मी सांगितली. आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी अंपायरपद स्वतःकडे घेतलं. हायवेच्या सहापदरीकरणामुळे गाडी दर पाच मिनिटांनी खाली सेवा रस्त्यावर उतरत होती. एका धक्क्याला नाणं हातातून निसटलं नि पायाशी पडलं. मी 'काटा' लिहायला गेलो तर आबांनी पेन धरलं. "ह्यो धरू नगंस. ह्यो खड्ड्यानं पाडलाय." चौतिसाव्या वेळी नाणं घरंगळत गेलं ते पुढच्या सीटवरच्या बाईंच्या चपलेखाली, आणि त्या म्हणाल्या, "माझंच पडलंय." रुपयासाठी काय भांडायचं? आबांनी धोतराच्या कनवटीतून दहाचं नाणं काढलं. "हे घे. कंडाक्टर घेत न्हाई, वाणी घेत न्हाई. शिक्षणाला तरी लागू दे." दहाच्या नाण्यांचे चौदाही प्रकार चालतात असं रिझर्व्ह बँकेने 2018 सालीच सांगून टाकलंय, पण ते वाण्याला कोण सांगणार? (म्हणजे तसं बघितलं तर माझ्या प्रयोगात दोन नाणी झाली. हे मी जर्नलात लिहिलं नाही. सरांनी विचारलंही नाही.)

"आता ह्याचं करायचं काय?"

"काय-स्क्वेअर काढायचा."

"कुठला स्क्वेअर?"

"काय-स्क्वेअर."

"तेच इचारतूय, काय स्क्वेअर?"

"आबा, नावच काय आहे त्याचं!"

"मला काय ठावं? कॉलेजात तू जातूस."

अतीत गेलं, नागठाणं गेलं. आबा साताऱ्याच्या कोर्टात बांधाच्या केससाठी निघाले होते. "तुझं बरं हाय," म्हणाले, "छापा न्हाईतर काटा. आमची दर टायमाला तारीखच पडती."

शेंद्र्याला शंभर पुरे झाले. छापे 61, काटे 39. अपेक्षित पन्नास, फरक अकरा, त्याचा वर्ग 121, भागिले पन्नास, दोन्हीकडची बेरीज 4.84. तक्त्यातली मर्यादा 3.84, आपण तिच्या वर. संपलं.

"आबा, नाणं पक्षपाती निघालं."

"ते मला ठावंच हुतं. म्हणून तर कुणी घेत न्हाई."

सर इतके समजूतदार नव्हते. "सगळ्या बॅचचं एच-नॉट, म्हणजे 'नाणं निःपक्षपाती आहे' हे गृहीतक, ॲक्सेप्ट झालंय, तुझं एकट्याचं रिजेक्ट कसं?" मी म्हटलं, सर, पाच टक्के पातळी म्हणजे नाणं कितीही सज्जन असलं तरी विसातला एक जण सुळावर चढणारच. आम्ही वीस आहोत. तो एक मी. सर म्हणाले, "थिअरी मला शिकवू नकोस." ती त्यांनीच शिकवली होती.

माझा खरा राग वेगळाच आहे. एकोणीस जर्नलांतले छापे सगळे 47 ते 53 च्या आत. शंभर वेळा खरंच नाणं उडवलं तर एकाचे छापे तिथे पडण्याची शक्यता 0.516 च्या आसपास. एकोणिसांचे एकदम? जवळजवळ तीन लाखांत एकदा. माझ्याएवढा किंवा जास्त वाकडा निकाल सरळ नाण्यालाही शंभर प्रयोगांत तीन-साडेतीनदा सहज येतो. म्हणजे तीन लाखांतला एक चमत्कार डोळ्यांसमोर गठ्ठ्याने पडलाय, त्याच्यावर सह्या, आणि संशय माझ्यावर! वर्षभर संशय घ्यायचं शास्त्र शिकवायचं आणि तो घ्यायचा कुणावर, तर ज्याच्याकडे नाणं होतं त्याच्यावर. जर्नलला मार्क आहेत म्हणून गप्प बसलो. सगळेच बसतात.

दुसऱ्या महायुद्धात केरिक नावाचा गणिती डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकला होता. वेळ जाईना म्हणून त्याने नाणं 10,000 वेळा उडवलं, छापे 5,067. काय-स्क्वेअर 1.80, पास. कार्ल पिअर्सन, म्हणजे 1900 साली ही काय-स्क्वेअरची भानगड काढणाराच, त्याच्या 24,000 खेपांत छापे 12,012. काय-स्क्वेअर 0.024! सरांनी त्याला कडेवर घेतलं असतं. केरिकला निदान कैदेत कुणी 'रिपीट' म्हटलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी बसलो आणि 52-48 लिहिलं. काय-स्क्वेअर 0.16. सकाळी सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली. पान बरोबर होतं की नाही तेही बघितलं नाही.

काल गाडीत आबा पुन्हा भेटले. कुठल्याशा कागदावर त्यांचीही सही राहिली होती, म्हणून हेलपाटा. मी त्यांचं दहाचं नाणं परत द्यायला गेलो तर घेईनात.

"मास्तरनं दिली का सही?"

"दिली की."

"किती छापं लिवलंस?"

"बावन्न."

आबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"एकसष्ट हुतं. मी मोजल्यात. नऊ कुठं गेलं?"